तक्रार असेल तर लेखी द्या!

नळदुर्गच्या फुटबॉल टीमची मी सहा वर्षं उस्ताद होते. सहा वर्षांत किती मॅची जिंकलो विचाराल तर बोटांवर सांगेन, वर दोन-चार बोटं उरतीलही. पण किस्से! ज्वारी निवडायला बसलं तरी खड्याबरोबर एखादा हाताला लागतो. सुना म्हणतात, "आत्याबाई, एकदाचं लिहून टाका, म्हणजे आमचे कान सुटतील." म्हणून लिहिते. चौथी पास बाईचं लिखाण आहे. शुद्धलेखन ज्याला तपासायचं असेल त्यानं आपापल्या घरी बसून तपासावं.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं, मोठी लढाई चालू होती तेव्हापासूनचं. पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि मैदान ओस पडलं. पण ते रडगाणं आज नको.

*

आमचे मालक निजामाच्या फौजेत हवालदार. हैदराबादला पलटणीच्या टीमचे गोलकीपर. आम्हाला मिळालेल्या खोलीची मागची खिडकी मैदानावर उघडायची. आठ वर्षं मी त्या खिडकीत भाकरी थापल्या आणि फुटबॉल पाहिला. पुढं मालकांचा गुडघा गेला, आम्ही नळदुर्गला परत आलो. इथले तहसीलदारसाहेब फुटबॉलचे वेडे. त्यांनी किल्ल्यासमोरची सरकारी जागा साफ करून घेतली, गावातली अकरा पोरं निवडली आणि मालकांना म्हणाले, शिकवा.

आता गोलकीपरला काय येतं? आडवं पडायला! मालकांनी पंधरा दिवस पोरांना तेच शिकवलं. पहिली मॅच तुळजापूरच्या पोरांशी. बॉल पुढं आला, की आमचे अकराच्या अकरा धपाधप आडवे! तुळजापूरवाले त्यांना ओलांडून गोल मारत होते. कडेला एक म्हातारं उभं होतं. ते हळूच म्हणालं, "साथ आली का काय वो गावात?"

मी भिंतीआडून बघत होते. मला राहवलं नाही. पदर खोचला आणि ओरडले, "उठा की मुडद्यांनो! उजवीकडं समदं रान मोकळं पडलंय, तिकडं मारा!"

टांगेवाल्याचा यासीन तेवढा उभा राहिला. त्यानं उजवीकडं बॉल नेला आणि गोल झाला. आमचा पहिला.

तहसीलदारसाहेबांनी मान वळवली. "ये कौन बोला?"

मालक घाबरले. "हुजूर, ते… घरचं माणूस हाय."

"तो घर के माणूस कू बाहर लाव!" साहेब म्हणाले. "तुम घर में बैठो."

*

अशी मी उस्ताद झाले. पण आमच्या पाटलांना घरजावई होता, आणि त्या जावयाला दिवसभर करायला काही नव्हतं. पाटील तहसीलदारसाहेबांकडं गेले. म्हणाले, बाईमाणूस मैदानात ओरडतंय, चांगलं दिसतंय का? आमचे जावईबापू रिकामेच आहेत.

साहेबांना पाटलांशी वाकडं घ्यायचं नव्हतं आणि मलाही काढायचं नव्हतं. त्यांनी मधला रस्ता काढला. "मेरेकू तोंडी शिकायत नक्को. कागज पो लिख को लाव. जिस दिन बाई के खिलाफ एक कागज आया, उस दिन से जावईबापू उस्ताद."

झालं! त्या दिवसापासून जावईबापू गळ्यात शिट्टी अडकवून फिरायला लागले. कुठं कुणी माझ्याबद्दल तक्रार लिहून देतं का, एवढंच काम.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? गेलं असतं तर गेलं असतं. तसं नव्हतं बाई. घरात मीठ किती घालायचं तेसुद्धा सासूबाईंना विचारून चालायचं. आणि मैदानात अकरा दणकट गडी घामाघूम होऊन माझ्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "वहिनी, आता काय करायचं?" हे मला सोडायचं नव्हतं. सुखासुखी तर मुळीच नाही.

*

पहिली तक्रार यायची होती ती नारायणच्या वडलांची. नारायण आमचा फॉरवर्ड, पुजाऱ्याचा मुलगा. आम्ही त्याला सुरुवातीला गोलात उभं केलं होतं, तर हा बॉल आला की हात पाठीमागं बांधायचा. "चामडं हाय, वहिनी. हात कसा लावू? उद्या अभिषेकाला बसायचंय."

"आणि पायाला चालतं?"

"चपला घालतोच की!"

म्हणून त्याला पुढं घेतला. आणि सांगते तुम्हाला, सहा वर्षांत त्या पोराचा एकदाही हँड झाला नाही! बॉल छातीएवढा उडाला की हा दोन्ही हात आभाळाकडं नेऊन उडी मारायचा, जणू इंगळी दिसली.

एक दिवस त्याचे वडील तणतणत आले. मागं जावईबापू, हातात दौत-टाक. वडील म्हणाले, "हवालदारीण, माझा मुलगा चामड्याला शिवतो असं गावभर झालंय. मी तक्रार देणार!"

मी म्हटलं, "गुरुजी, आधी कायदा ऐका. ह्या खेळात बॉलला हात लागला तर दोष. लगेच शिट्टी. बॉल दुसऱ्यांना देऊन टाकायचा. आणि गोलापाशी लागला तर मोठं प्रायश्चित्त."

"नुसता हात लागला तर?"

"नुसतं बोट लागलं तरी."

गुरुजी खाली बसले. मग उपरणं सारखं करत म्हणाले, "इंग्रजांचा खेळ इतका सोवळ्याचा असेल, असं वाटलं नव्हतं हो!"

जावईबापूंनी दौतीला बूच लावलं.

*

कप्तान आमचा बसू. बापाचं तेलाचं दुकान, घरात कानडी. त्याची आई नीलव्वा म्हणजे तोफ! बसू एका बाईच्या हाताखाली खेळतो हे कळलं तेव्हा मॅच चालू असतानाच ती त्याला कानाला धरून न्यायला आली.

नेमकी त्याच वेळी समोरच्या एका बॅकनं बसूच्या नडगीवर लाथ घातली. बसू कोसळला. नीलव्वा आली होती कशाला ते विसरली! फक्कीची रेघ ओलांडली, चप्पल काढली आणि त्या बॅकच्या मागं लागली. तो पुढं, ती मागं. सबंध मैदानाला दोन फेऱ्या झाल्या. तो गडी तिसरीपर्यंत टिकला नाही.

रेफ्रीनं शिट्टी मारमार मारली. "बारा झाले! तुमच्या बाजूला बारा झाले!"

मी म्हटलं, "साहेब, ती खेळाडू न्हाय, आई हाय."

"पण ती ऑफसाइड आहे!"

"आईला कुठलं ऑफसाइड!"

त्या दिवसापासून नीलव्वा टीमची मॅनेजर. कुणी नेमलं नाही, तीच झाली. हाफटाइमला प्रत्येकाला गूळ-शेंगदाण्याचा एवढा मोठा लाडू खायलाच लागायचा. त्यामुळं दुसऱ्या हाफात आम्हाला पळता यायचं नाही, हा भाग वेगळा. पण नको म्हणायची हिंमत कुणाची? माझीसुद्धा नाही!

*

भूमच्या टीमला कानडीचं वारं नाही. म्हणून त्यांच्याशी खेळताना मी सगळं कानडीतून ओरडायची. आमच्या पोरांना कळायचं, त्यांना ओ की ठो नाही. कानडीत डावीकडं म्हणजे 'यडक्के' आणि उजवीकडं म्हणजे 'बलक्के'.

मी सुरू केलं. "यडक्के! यडक्के! अरे यडक्के!"

अर्धा तास झाला आणि भूमचा कप्तान लालबुंद होऊन मैदान सोडून तहसीलदारसाहेबांपुढं उभा राहिला. "हुजूर, ही बाई आमाला सारखं येडं म्हणती! अख्ख्या टीमला! कागद द्या, तक्रार लिवतो!"

कागद? जावईबापूंकडं घडी करून तयारच होता!

साहेबांनी बसूला बोलावलं. बसूनं सांगितलं, "हुजूर, शिवी न्हाय. डावीकडं असा अर्थ हाय. उजवीकडंला बलक्के."

साहेब हसायला लागले. पण भूमचा कप्तान हुशार. त्यानं मला अडवलं. "व्हय का? मग अर्ध्या तासात एकदा बी बलक्के का न्हाय म्हणाला? सारखं यडक्के, यडक्के?"

मी म्हटलं, "कारण त्या बाजूचा तुमचा बॅक खरंच येडा हाय!"

कप्तानानं वळून त्या बॅककडं पाहिलं. तो बूट काढून आत गेलेला खडा शोधत होता. कप्तान माझ्याकडं वळला, कागद जावईबापूंना परत दिला आणि म्हणाला, "ते मातर खरंय."

*

मुरूमला ही युक्ती चालेना. तिथं माझ्यापेक्षा चांगली कानडी बोलणारे! मग आम्ही स्वयंपाकघरातली भाषा ठरवली. 'भाकरी उलट' म्हणजे बॉल दुसऱ्या बाजूला द्या. 'जाळ कर' म्हणजे पळा. 'चुलीत घाल' म्हणजे मारा गोल.

त्या मॅचला मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते. "भाकरी उलट! अरे करपली, उलट की! जाळ कर, जाळ कर! घाल चुलीत!"

शेजारी मुरूमची एक म्हातारी बसली होती. तिनं फडकं सोडलं, चटणी-भाकरी माझ्यापुढं सरकवली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खा माय, आधी खाऊन घे. पोरं काय, खेळत बसत्याली!"

*

एकदा मी धाकट्या भावाच्या लग्नाला सोलापूरकडं माहेरी गेले. चार दिवस टीम जावईबापूंच्या ताब्यात. यासीननं सांगितलेलं लिहिते.

जावईबापूंनी कुठून तरी एक पुस्तक मिळवलं होतं. ते पुस्तक हातात धरून त्यांनी भाषण केलं. "तुमी नुसते पायानं खेळता. आडाणी बाईनं शिकवलं तर असंच व्हणार. आजपासून डोक्यानं खेळायचं! बॉल जिथं असंल तिथं, आधी डोकं!"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. बसू म्हणाला, "समजलं बापू."

आणि अकराही जण मैदानात ओणवे झाले! जमिनीवर पडलेला बॉल डोक्यानं ढकलत इकडून तिकडं. नारायणची शेंडी मातीनं भरली. जावईबापू शिट्ट्या मारतायत, आणि यासीन मातीतूनच म्हणतोय, "बापू, डोकंच लावतोय! अजून लावू?"

तेवढ्यात तहसीलदारसाहेब घोड्यावरून आले. घोडा थांबवून पाहत राहिले. मग विचारलं, "ये लोगां क्या कर रैं? मुंगफलियाँ खोद रैं क्या?"

मी परत आले तेव्हा मैदानाचा तो कोपरा खरंच भुसभुशीत झाला होता. नीलव्वानं तिथं कोथिंबीर लावली.

*

आणि आता धाराशिवची मॅच.

जिल्ह्याच्या मॅचींसाठी अर्ज उर्दूतून द्यायचा होता. अर्जनवीसानं माझ्यासमोर लिहिला, मी अंगठा नाही, सही केली, मराठीत. उर्दू मला वाचता येत नाही. अर्ज गेला, मंजूर झाला. मला सातवा महिना चालू होता. मालक म्हणाले, "अगं, ह्या अवस्थेत कुठं निघालीस?" मी म्हटलं, "तुम्ही येऊन आडवं पडायला शिकवणार का?" दोन गाड्या जुंपल्या आणि निघालो. जावईबापू आमच्याबरोबर मुद्दाम आले. गळ्यात शिट्टी होतीच.

तिथं पोचलो तर थाट बघून चाटच पडलो. मैदानाच्या कडेला दोरीच्या आत एक गादीची खुर्ची, तिच्यावर पांढरी चादर, शेजारी पानाचं तबक. जेवण आलं ते बिनकांद्याचं, बिनलसणाचं, वर डाळीत साखर! यासीन कळवळला. "वहिनी, हे काय आजाऱ्याचं जेवण हाय का?"

कचेरीचे नाझर आले, सगळ्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "हिराभाई शेठ कुठं आहेत?"

"कोण हिराभाई?"

त्यांनी यादी पुढं केली. यासीनला उर्दू यायचं. त्यानं वाचलं आणि पोट धरून खालीच बसला. "वहिनी! हिराबाई लिवताना ब ला एक गाठ जास्त पडली. तुमी भाई झालात! हे लोक गुजराती शेठची वाट बघत बसलेत!"

नाझरांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई? आणि उस्ताद? दोरीच्या आत बायकांना मनाई आहे. बायका तिकडं बांबूच्या चिकाच्या पडद्याआड."

"मग नाव दुरुस्त करा."

"मोहर बसली हो! जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची मोहर. आता एक टिंबसुद्धा खोडता येत नाही. आणि यादीतला उस्ताद खुर्चीवर हजर नसला तर टीम बाद."

जावईबापू पुढं सरकले. "मी बसतो की."

"तुम्ही हिराभाई आहात?" नाझरांनी विचारलं.

"न्हाय…"

मी नाझरांना विचारलं, "कागद काय म्हणतो?"

"कागद भाई म्हणतो."

"मग सरका," म्हटलं, आणि जाऊन बसले. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सात महिन्यांचं पोट. लपणारं त्यात काय होतं? नाझरांनी मान दुसरीकडं फिरवली आणि माझ्याकडं तबक सरकवलं. "पान घ्या, शेठ."

समोर धाराशिवची टीम. त्यांचे वस्ताद दगडूबा, तालमीचे. मिशा अशा, की दोन्हीकडं एकेक लिंबू ठेवावं. त्यांची सबंध तालीम दोरीला रेटून उभी. दगडूबा दीड तास मॅच बघायचं सोडून माझ्याकडंच डोळे फाडून बघत होते. मी पान खात होते. शेवटच्या पाच मिनिटांत यासीननं बॉल दिला, नारायणनं दोन्ही हात आभाळाकडं नेले आणि पाय घातला. गोल! आम्ही एकानं जिंकलो.

दगडूबा दोरीवरून उडी मारून थेट मोठ्या साहेबांपुढं. "हुजूर, फसवाफसवी हाय! त्यो हिराभाई न्हाय, ती बाई हाय! धडधडीत बाई! मॅच रद्द करा!"

जावईबापूंनी शिट्टी हातात घेतली, फुंकून पाहिली.

मोठे साहेब शांत माणूस. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. यादीकडं पाहिलं. आपल्या मोहरेकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तक्रार असेल तर लेखी द्या. नाझर, लिहून घ्या. एक नक्कल नळदुर्गच्या तहसीलदारांना, एक इथं कचेरीच्या दारावर लावायची, लोकांना वाचायला."

नाझरांनी टाक बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागले. सगळं मैदान ऐकत होतं. "मी, दगडूबा वस्ताद, तालीमवाले, राहणार धाराशिव, लिहून देतो की… आज रोजी भर मैदानात… माझ्या टीमला… एका बाईनं… हरवलं." ते थांबले. "किती महिन्यांची म्हणून लिहू?"

मी म्हटलं, "सात."

"सात महिन्यांच्या… गरोदर… बाईनं. बरोबर? करा सही."

दगडूबांनी टाक हातात घेतला. जावईबापू जवळ सरकले, कागद उडू नये म्हणून त्यांनी कोपरा धरला. तोंडातलं पान चघळायचं मी विसरले. खोटं कशाला सांगू?

दगडूबांनी तालमीच्या पोरांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मधे जरासं थांबून. टाक खाली ठेवला. मिशांवरून हात फिरवला, सरळ माझ्या खुर्चीपाशी आले, दोन्ही हात जोडले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"राम राम, हिराभाई! टीम लई झकास बांधलीत!"